पुनरागमनाचा हिशेब

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



१९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव २३ जुलैला फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या स्वागताच्या बैलगाड्या, गावोगावी गोळा झालेली वर्गणी, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून उभे केलेले सात हजार रुपये, ही सगळी हकीकत आपल्याला तोंडपाठ आहे. खाशाबांची गोष्ट आपण कधी हिशेबाशिवाय सांगत नाही. पदक कुणी जिंकलं हे सांगतो, तसं तिकीट कुणी काढून दिलं तेही सांगतो.

आज सांगायची गोष्ट त्याच शहरातली आहे, त्याच जुलै महिन्यातली, खाशाबांच्या पदकानंतर काही दिवसांतली. ती जगभर अनेकदा सांगितली गेली, पण बहुतेक वेळा हिशेब वगळून.

गोष्ट आहे डेन्मार्कच्या लिस हार्टेलची. ड्रेसाज या अश्वारोहणाच्या प्रकारात तिने रौप्यपदक मिळवलं. गुडघ्याखाली तिचे दोन्ही पाय लुळे होते. तिला घोडीवर चढवून द्यावं लागायचं आणि उतरवूनही घ्यावं लागायचं. पदक स्वीकारण्याची वेळ आली तेव्हा सुवर्णविजेते स्वीडनचे आँरी सेंट सीर यांनी आधार देऊन तिला विजयमंचावर नेलं. मी तिला एकेरीत संबोधतो आहे, याचा कुणी राग मानू नये. आवडत्या खेळाडूला आपण नेहमी एकेरीतच बोलवतो.

या प्रसंगाचं वर्णन करणाऱ्यांचा गळा दाटून येतो. माझाही येतो. पण गळा दाटला की माणूस चौकशी करायचं थांबतो. मग ‘जिद्द’ हा एक शब्द पुढे येतो आणि बाकी सगळ्यांची सुट्टी होते. आपल्याकडे तर पांगळ्याने पर्वत ओलांडायचा म्हणजे ईश्वरी कृपाच व्हावी लागते, असं आपण शतकानुशतकं हात जोडून म्हणत आलो आहोत. कृपा असो की जिद्द, दोन्ही शब्दांचा आपल्याला मोठा उपयोग असतो. ते उच्चारले की आपल्यावर काही करायची जबाबदारी उरत नाही. लिसच्या गोष्टीत जिद्द होती आणि भरपूर होती. माझं म्हणणं एवढंच, की जमेच्या बाजूला आणखीही नोंदी होत्या आणि त्या वाचल्या पाहिजेत.

पहिली नोंद आजाराच्या आधीची. लिसचा जन्म १४ मार्च १९२१ चा, कोपनहेगनला लागून असलेल्या हेलेरूपचा. आईनेच तिला लहानपणी घोड्यावर बसवलं. पुढे गुन्नर अँडरसन हे नावाजलेले प्रशिक्षक लाभले. १९४३ आणि १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षं ती डेन्मार्कची ड्रेसाज विजेती होती. म्हणजे आजारपणात जी तरुणी अंथरुणाला खिळली, ती हौस म्हणून घोड्यावर बसणारी नव्हती, देशातली अव्वल खेळाडू होती. घरी घोडे होते, ते सांभाळायची ऐपत होती. ड्रेसाज हा काही गरिबाघरचा खेळ नाही. हे सांगितल्याने तिचं मोल घटत नाही. पण पोलिओ झालेल्या ज्या शेकडो डॅनिश पोरींना घोडा जवळून पाहायलाही मिळाला नव्हता, त्यांनी लिससारखं का केलं नाही, असा प्रश्न तरी मग आपण विचारणार नाही.

सप्टेंबर १९४४. डेन्मार्क अजून जर्मनांच्या ताब्यात होता. लिस तेवीस वर्षांची होती आणि दुसऱ्यांदा गरोदर होती. पोलिओने तिला गाठलं. लस यायला अजून दहा-अकरा वर्षांचा अवकाश होता. साल्क यांची लस सर्वत्र द्यायला सुरुवात झाली ती १९५५ साली. मांड्या, हात, पंजे, सगळ्यांतलं बळ गेलं. बाळ मात्र सुखरूप जन्माला आलं. कुबड्यांवर चालता आलं तरी पुष्कळ झालं, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

इथे जरा थांबून पोलिओ शरीरात नेमकं काय करतो ते पाहिलं पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. हा विषाणू पोटातून शिरतो. बहुतेकांच्या बाबतीत तिथेच त्याचं काम संपतं, आजार कळतही नाही. थोड्यांच्या बाबतीत तो मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्या मेल्या की स्नायू शाबूत असूनही निकामी होतो. पण स्पर्श, दाब, ताण यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या वाटा सहसा वाचतात. पोलिओ झालेला पाय हलत नाही, पण त्याला कळतं सगळं. शिवाय ज्या पेशी वाचतात त्या नवे धागे फोडून शेजारच्या अनाथ स्नायुतंतूंना आपल्याकडे घेतात. पहिल्या काही महिन्यांत जे बळ परत येतं त्यात या कामाचा मोठा वाटा असतो. व्यायामाने वाचलेल्या स्नायूंना बळकटी येते. मेलेल्या पेशी मात्र व्यायामाने जिवंत होत नाहीत, मनोनिग्रहानेही होत नाहीत.

लिस आधी हात उचलायला शिकली, मग रांगायला, मग कुबड्या घेऊन उभी राहायला. आई आणि नवरा तिच्या पाठीशी होते. मांडीतलं बळ काही प्रमाणात परत आलं. गुडघ्याखालचं आलं नाही ते नाहीच, हातही कायमचे कमजोर राहिले. याच अवस्थेत तिने घोड्यावर बसायचं ठरवलं. घरच्यांनी उचलून बसवलं. पायांची पकड नसल्यामुळे तोल राखणं हेच मुळात कष्टाचं काम होतं. ती पडली, अनेकदा पडली. १९४७ साली ती स्कँडिनेव्हियन स्पर्धेत उतरली आणि दुसरी आली.

घोड्यावर नुसतं बसून राहणं आणि ड्रेसाज करणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा चौकोनात घोड्याने ठरलेल्या क्रमाने चाली करून दाखवायच्या असतात. संथ चाल, दुडकी, मंद दौड, तिरपी सरक, एका जागी गिरकी. सर्वांत अवघड म्हणजे पियाफ. घोडा दुडक्या चालीचा ताल धरतो, पण पुढे सरकत नाही, जागच्या जागी पावलं उचलतो. हे सगळं स्वार सांगतो आणि घोडा ऐकतो. सांगायची साधनं मोजकी असतात. लगाम, बैठक, पाठीचा कणा आणि पाय. यांत पाय हे मुख्य साधन. पोटरीचा दाब कुठे, किती आणि केव्हा द्यायचा, यावर ड्रेसाजचे अर्धे धडे खर्ची पडतात. लिसकडे पोटऱ्या असून नव्हत्या.

मग तिने काय केलं? हुकूम द्यायची जागा बदलली. शरीराचा भार किंचित पुढे, किंचित मागे, डाव्या नितंबावर, उजव्या नितंबावर. पाठ ताठ, पाठ सैल. मांडीत जेवढा जोर शिल्लक होता तेवढा. आणि ही भाषा तिने ज्युबिली नावाच्या घोडीला शिकवली. ही घोडी असामान्य म्हणून प्रसिद्ध नव्हती. तिची असामान्य गोष्ट एवढीच, की ती लिसचं ऐकायला शिकली. दोघी मिळून अशा काही रीतीने काम करू लागल्या, की पोटरीचा दाब नाही हे घोडीला जाणवेनासं झालं, कारण ती त्याची वाट पाहतच नव्हती. आणि लिसला घोडीची पाठ कळत होती. पोलिओने संवेदना शाबूत ठेवली होती असं मी म्हणालो, ते इथे कामी येतं. खालून येणारा प्रत्येक निरोप तिच्यापर्यंत पोचत होता. फक्त वरून खाली जाणारी एक वाट बंद होती.

आता या खेळाची गंमत पाहा. ड्रेसाजमध्ये गुण कशाला? स्वाराच्या सूचना दिसू नयेत याला. कसलेल्या गाडीवानाच्या हातातली पराणी नुसती शोभेची असते, बैल त्याच्या बसण्यावरून ओळखतात. तसा उत्तम स्वार काहीच करत नाहीये असं वाटलं पाहिजे. पाय झाडणारा, लगाम ओढणारा स्वार गुण गमावतो. लिसच्या पायांना झाडता येतच नव्हतं. अपंगत्वाने तिला जिथे नेऊन सोडलं, तिथेच पोचण्यासाठी बाकीचे स्वार आयुष्यभर धडपडत होते. याचा अर्थ आजार हे वरदान ठरलं, असा कृपा करून घेऊ नका. असली वाक्यं निरोगी माणसांनाच सुचतात. अर्थ एवढाच, की तिला जो खेळ येत होता त्याच्या कसोटीत तिच्या शरीराला जागा होती. ती धावपटू असती, पोहणारी असती, तर? पुनरागमनाच्या गोष्टी सांगताना खेळ कोणता, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

तरीही १९४७ मध्ये तिला ऑलिम्पिकचं दार बंदच होतं, आणि ते पोलिओमुळे नव्हे. ऑलिम्पिकमधलं अश्वारोहण तोवर लष्करातल्या सनदी अधिकाऱ्यांपुरतं राखून ठेवलेलं होतं. स्त्री नाही, नागरिक नाही, साधा शिपाई किंवा सार्जंटसुद्धा नाही. हा नियम किती हास्यास्पद थराला गेला होता ते १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये दिसलं. स्वीडनने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. संघात गेनॅल पेर्सन नावाचे स्वार होते. ते मुळात सार्जंट. ऑलिम्पिकपुरतं त्यांना अधिकारी केलं होतं आणि काम झाल्यावर पुन्हा खाली आणलं. ही युक्ती उघडकीस आली, स्वीडनचं पदक काढून घेतलं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या फ्रान्सला दिलं. पेर्सन यांची घोडेस्वारी खोटी होती, असं कुणाचंही म्हणणं नव्हतं. खांद्यावरची फीत तेवढी खोटी होती.

या शोभेनंतर नियम टिकणं कठीणच होतं. १९५२ पासून अश्वारोहण नागरिकांना आणि सर्व दर्जाच्या सैनिकांना खुलं झालं, आणि ड्रेसाज स्त्रियांनाही. हेलसिंकीत चार स्त्रिया ड्रेसाजच्या मैदानात उतरल्या. डेन्मार्कची लिस, जर्मनीच्या इडा फोन नागेल, नॉर्वेच्या एल्सा क्रिस्टोफरसन आणि अमेरिकेच्या मार्जरी हेन्स. पुरुषांसाठी वेगळे आणि स्त्रियांसाठी वेगळे गुण नव्हते, एकच मैदान आणि एकच यादी.

निकाल असा लागला: सेंट सीर ५६१, लिस हार्टेल ५४१.५, आणि फ्रान्सचे आंद्रे जुसोम ५४१. रौप्य आणि कांस्य यांच्यात अर्ध्या गुणाचं अंतर. अश्वारोहणात वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारी लिस ही पहिली स्त्री.

त्या विजयमंचाकडे आता पुन्हा पाहा. सगळ्यांची नजर लिसच्या पायांवर खिळते, पण तिघांचाही इतिहास पाहा. सेंट सीर १९४८ च्या त्याच स्वीडिश संघात होते. पेर्सन यांच्या फितीपायी त्यांचंही सुवर्ण गेलं होतं. जुसोम १९४८ च्या फ्रेंच संघात होते. स्वीडनकडून काढलेलं सुवर्ण त्यांच्या संघाकडे गेलं होतं. आणि त्यांच्यासोबत उभी होती ती बाई, जी तो नियम पडला म्हणूनच तिथे पोचू शकली. एका नियमाने ज्याचं नेलं, ज्याला दिलं आणि जिला अडवलं, असे तिघेही एकाच मंचावर होते. मला सेंट सीर यांचा तो आधाराचा हात म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो. नियम बदलणाऱ्यांच्या मनात अपंगांचा विचार नव्हता, हेही लक्षात ठेवा. त्यांना फक्त एक बदनाम झालेली अट काढून टाकायची होती. दार एकासाठी उघडलं की त्यातून कोण कोण आत येईल, हे उघडणाऱ्यालाही माहीत नसतं.

लिसच्या यशानंतर चार आठवड्यांतच तिच्या शहरात जे घडलं ते तिच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५२ च्या उन्हाळ्याच्या शेवटी कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले. रुग्णालयाकडे ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणतात ते यंत्र एकच होतं, आणि छातीवर बसवायची लहान यंत्रं सहा. पहिल्या एकतीस रुग्णांपैकी सत्तावीस दगावले. २७ ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन बसवलेल्या नळीतून, रबरी फुगा हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी वाचली. पण यंत्रं नव्हती, मग इतर रुग्णांचे फुगे दाबायचे कुणी? सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून बसले. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे, एका रुग्णाच्या उशाशी एक विद्यार्थी. दहातले नऊ दगावत होते, ते प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजचे अतिदक्षता विभाग त्या खोल्यांतून निघाले.

वृत्तपत्रांत त्या महिन्यांत दोन्ही गोष्टी होत्या. पोलिओला हरवून पदक आणणारी लिस, आणि पोलिओने घुसमटणारी मुलं. त्या मुलांना कुणी सांगावं, बाळांनो, जिद्द ठेवा? जिद्दीने श्वास घेता येत नाही. कुणीतरी फुगा दाबावा लागतो. उठून बसल्यावर, बळ आल्यावर जिद्दीचं काम सुरू होतं, आणि तेव्हाही कुणीतरी उचलून खोगिरावर बसवावं लागतं.

१९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नला होतं. पण ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे कायदे इतके कडक, की बाहेरच्या घोड्यांना प्रवेश मिळेना. म्हणून अश्वारोहणाच्या स्पर्धा त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला झाल्या. लिस आणि ज्युबिली पुन्हा दुसऱ्या आल्या. सेंट सीर ८६०, लिस ८५०. त्या स्पर्धेत स्वीडिश परीक्षकाने पहिले तिन्ही क्रमांक स्वीडिश स्वारांना दिले, जर्मन परीक्षकाने जर्मनांना, आणि नंतर दोघांवरही कारवाई झाली. असल्या परीक्षकांपुढे दहा गुणांनी दुसरं येणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. लिसने त्यावर गहजब केला असं कुठे माझ्या वाचनात आलं नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मुरलीकांत पेटकर हे नाव ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटामुळे २०२४ साली घरोघरी पोचलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचा हा मुलगा लष्करात गेला, मुष्टियुद्ध खेळू लागला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि मुष्टियुद्ध कायमचं संपलं. हा आजार नव्हे, जखम. पण हिशेब तसाच लागतो. लष्करी रुग्णालयातल्या उपचारांत पोहणं होतं, पाण्याने शरीराचा भार उचलला. पैशाची अडचण आली तेव्हा क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदत केली. १९६८ मध्ये तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण.

लिस आपल्याच खेळात परतली, पेटकरांना खेळ बदलावा लागला. लिस धडधाकट स्वारांच्या यादीत दुसरी आली, पेटकर अपंगांसाठी आखलेल्या गटात पहिले आले. यातलं थोर कोणतं, असा वाद घालणारे भेटतात. मला तो वाद पोकळ वाटतो. लिसच्या काळी तिच्यासाठी गटच नव्हता. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात सोळा अपंग सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली ती २९ जुलै १९४८ ला, आणि पॅरालिम्पिकमध्ये अश्वारोहण आलं ते १९९६ साली, अटलांटामध्ये. आज पॅरा-ड्रेसाजमध्ये पायाच्या जागी छडी वापरायला, लगामाला जादा कडी लावायला, खास खोगीर वापरायला परवानगी मिळते. लिसने जे स्वतःच्या पाठीच्या कण्यातून काढलं, ते आता नियमावलीत लिहिलेलं आहे. मला यात तिचा अपमान दिसत नाही. असामान्य माणसालाच जमावं अशी एखादी गोष्ट साधारण माणसालाही जमू लागली, याला मी प्रगती म्हणतो.

पेटकरांच्या हिशेबात एक दुखरी नोंद आहे. सुवर्ण १९७२ चं, आणि पद्मश्री २०१८ ची. मधल्या सेहेचाळीस वर्षांत त्यांची जिद्द कमी पडली होती का?

लिसचं निधन १२ फेब्रुवारी २००९ ला झालं, सत्त्याऐंशीव्या वर्षी. तिच्या उदाहरणानंतर युरोपभर अपंगांसाठी घोडेस्वारीची उपचारकेंद्रं निघाली. त्यातलं नेदरलँड्समधल्या डोर्नचं केंद्र तिच्या नावाचं आहे. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला आढळला, हावड्यात, आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पण त्याआधी ज्यांना तो झाला ते लोक आपल्यात आहेत, त्यातले कित्येक चाळिशी-पन्नाशीत आहेत. शिवाय अपघात आहेत, अर्धांगवायू आहे, मधुमेहाने गेलेले पाय आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तिसावं कलम खेळासंबंधी आहे. क्रीडासुविधा सर्वांना वापरता येतील अशा करणं हे त्यात सरकारचं काम म्हणून लिहिलेलं आहे, उपकार म्हणून नव्हे.

या सभागृहापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आपला सार्वजनिक जलतरण तलाव आहे. मी काल तिथे जाऊन आलो. दारात सात पायऱ्या आहेत, कठडा नाही. पाण्यात उतरायला उभी लोखंडी शिडी आहे. कपडे बदलायच्या खोलीच्या दारातून चाकाची खुर्ची जाईल असं मला वाटलं नाही. उतार बांधायला आणि एक साधी उचलखुर्ची बसवायला किती खर्च येईल, हे मला सांगता येणार नाही, पण सांगू शकतील अशी दोन-तीन माणसं पुढच्या रांगेत बसलेली मला इथून दिसताहेत. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. पहिला प्रश्न मला न विचारता त्यांना विचारावा, अशी माझी विनंती आहे.